रोजच्या अर्ध्या तासात गिटारचा सराव कसा बसवावा

संध्याकाळी माझ्याकडे गिटार शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवशी एकच विचारतो, "काय काय येतं?" उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं. सात-आठ गाण्यांची सुरुवात येते, पूर्ण एकही येत नाही. गाणं एफ कॉर्डपाशी (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवायच्या सुरांसाठी बोटांची मांडणी) अडतं किंवा कडव्यात गडबडतं, आणि पोरगं तिथूनच दुसऱ्या गाण्याकडे वळतं. मला यात हसू येत नाही, कारण मी स्वतः दीड वर्ष असंच काढलंय. ऑफिसातून आलो की तासभर गिटार मांडीवर घ्यायची, येतंय तेच वाजवायचं आणि सराव झाला म्हणून खुशीत जेवायला बसायचं. समोरच्या गॅलरीतले काका एकदा न राहवून म्हणाले, "काय बे, रोज तेच की! पुढचं कधी?"

काका बरोबर बोलले होते. येतंय ते वाजवण्यात आनंद आहे, तो घ्यावाच, पण त्याने हात पुढे जात नाही. हात पुढे जातो अडलेल्या जागेवर. हे मला आधीच कळायला हवं होतं, कारण माझं लहानपण सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खटखटाटात गेलं. शेजारच्या मामांचा टॉवेलचा माग होता. उभ्या ताण्यातला एखादा धागा तुटला की मामा लगेच माग थांबवायचे. गाठ मारायची, धागा पुन्हा ओवायचा, मगच माग चालू. घाईत तसाच चालू ठेवला तर कापडात लांबच लांब रेघ उमटते आणि तो माल कमी भावात जातो. आम्ही गिटारवाले नेमकं हेच करतो. चूक होते, तोंड वाकडं करून पुढे जातो, आणि रोज त्याच जागी तीच रेघ विणत बसतो.

खाली दिलंय ते अर्ध्या तासाचं गणित आहे. ज्यांना सी, जी, डी, ई मायनर, ए मायनर अशा पाच-सहा कॉर्ड धरता येतात, पण गाणं सलग वाजत नाही, त्यांच्यासाठी. अगदी नवख्यांनीही हेच करावं, फक्त कॉर्ड दोनच घ्याव्यात.

आधी जागा आणि वेळ

गिटार पिशवीत, पिशवी कपाटावर आणि कपाटासमोर गाद्यांची चळत, अशा घरात सराव होत नाही. गिटार बाहेर हवी, एका हाताने उचलता येईल अशी. स्टँड घ्या, नाहीतर भिंतीला हुक मारा. फक्त ज्या भिंतीवर दुपारचं ऊन तापतं ती टाळा. खुर्ची बिनहाताची असावी. पलंगावर मांडी घालून वाजवलं की गिटार आडवी पडते, मनगट दुमडतं आणि दहा मिनिटांत हात भरून येतो.

वेळेचं सांगायचं तर सोलापुरात मार्च ते मे दुपारी सराव करू नये. पारा चाळीसच्या आसपास, पत्र्याखालची खोली, घामाने बोटं घसरतात आणि चिडचिड होते ती वेगळीच. सकाळी सात वाजता किंवा रात्री जेवणाआधी. मी सकाळचा पक्षपाती आहे, कारण दिवसभराची कामं अजून अंगावर आलेली नसतात. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे पाण्याच्या दिवशी टाक्या, बादल्या, मोटर यात सकाळ जाते हे आधीच धरून चाला. त्या दिवसासाठी दहा मिनिटांचा वेगळा सराव ठेवायचा, तो पुढे सांगतो.

शंभर पानी वही

मोबाइलमध्ये लिहू नका. मोबाइल हातात घेतला की काय होतं ते मी सांगायला नको. एक साधी शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर या महिन्याचं एकच गाणं लिहा. खाली त्या गाण्यात नेमकं काय अडतंय ते दोन-तीन ओळींत. "गाणं नीट येत नाही" असं लिहून उपयोग नाही. "सी वरून एफ वर जाताना थांबतो", "दुसऱ्या कडव्यात वेग आपोआप वाढतो", "पहिली तार वाजतच नाही", असं लिहा. माझ्या जुन्या वहीतलं एक पान असं आहे (पहिला आकडा म्हणजे एका मिनिटात झालेले स्वच्छ कॉर्ड-बदल, लय म्हणजे मिनिटाला किती ठोके):

मंगळवार. सी ते एफ: १४. तर्जनी उशिरा पोचते. लय ६०.
बुधवार. सी ते एफ: १७. पहिली तार दबलेली. लय ६०.
गुरुवार. पाणी. दहा मिनिटं.
शुक्रवार. सी ते एफ: १६. काल रात्री उशीर, कंटाळा.

शुक्रवारी आकडा खाली आलाय, तोही लिहायचा. दोन-तीन आठवड्यांनी मागची पानं उलटली की चढ दिसतो. एका दिवसाच्या आकड्यावरून काहीच ठरत नाही.

पहिली पाच मिनिटं: सूर आणि बोटं

ट्यूनर (सूर बरोबर लागला की नाही ते दाखवतो तो) लावून सहाही तारा मिळवा. जाड तारेपासून ई, ए, डी, जी, बी, ई. रविवारी मात्र ट्यूनर बाजूला ठेवून कानाने मिळवा. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड, तार पाचव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेले कप्पे म्हणजे फ्रेट) दाबली की जो सूर येतो तोच पाचव्या तारेचा मोकळा सूर. पाचवीवरून चौथी आणि चौथीवरून तिसरी याच पद्धतीने. तिसरीवरून दुसरी मिळवताना मात्र पाचवा नाही, चौथा फ्रेट. दुसरीवरून पहिली पुन्हा पाचव्याने. सुरुवातीला चुकेल. मिळवून झाल्यावर ट्यूनरने तपासा आणि कुठली तार किती वर-खाली गेली ते बघा. दोन महिन्यांत कान तयार होतो आणि कार्यक्रमात तार उतरली तर घाम फुटत नाही.

मग बोटं. पाचव्या फ्रेटपासून चार बोटांना चार फ्रेट द्या: तर्जनी पाचवा, मधलं सहावा, अनामिका सातवा, करंगळी आठवा. पहिल्या फ्रेटपासून करू नका, तिथे फ्रेटमधलं अंतर जास्त असतं आणि नवख्या करंगळीवर ताण येतो. प्रत्येक तारेवर चार सूर, सहावी ते पहिली आणि परत. मिनिटाला साठ ठोके लावून एका ठोक्याला एक सूर वाजवला तर जाऊन-येऊन ४८ सेकंद लागतात. असे तीन फेरे पुरेत. लक्ष एकाच गोष्टीवर ठेवायचं: उचललेलं बोट तारेपासून किती लांब जातंय. पाऊण इंच वर उडणारी करंगळी पुढे वेगात आली की कधीच वेळेवर खाली येत नाही.

पुढची दहा मिनिटं: कॉर्ड बदलणं

सगळा अर्धा तास निसटला तरी चालेल, ही दहा मिनिटं सोडू नका. कॉर्ड धरता येणं आणि एका कॉर्डवरून दुसरीवर जाता येणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. शिकवणारे पहिली शिकवतात आणि दुसरी आपोआप येईल म्हणून सोडून देतात.

आधी डोळ्यांनी बघा की कुठलं बोट हलायचंच नाहीये. ए मायनर वरून सी वर जाताना तर्जनी आणि मधलं बोट जागच्या जागी राहतं, फक्त अनामिका तिसऱ्या तारेवरून उठून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर जाते. तरीही निम्मी मुलं तिन्ही बोटं उचलतात, हवेत जुळवतात आणि पुन्हा ठेवतात. हे एक समजलं की त्याच दिवशी ए मायनर ते सी दुप्पट वेगाने होतं.

आता सगळ्यांचं दुखणं, एफ. सहाही तारांवर तर्जनी आडवी टाकण्याचा हट्ट पहिल्या महिन्यात धरू नका. चार तारांचा छोटा एफ घ्या. सी धरा आणि बघा: अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर आहे, ती तशीच शेजारच्या चौथ्या तारेवर सरकते, फ्रेट तोच. मधलं बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आहे, ते तिसऱ्या तारेवर सरकतं, फ्रेट तोच. तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर आहे तिथेच राहते, फक्त थोडी आडवी पडून पहिली तारही दाबते. सहावी आणि पाचवी तार वाजवायची नाही. म्हणजे दोन बोटं एकेक तार सरकली आणि एक बोट कललं, झाला एफ. तर्जनीने पहिली तार दबत नसेल तर आठवडाभर ती मोकळीच वाजू द्या. ती कॉर्डही कानाला गोडच लागते.

सरावाची पद्धत अशी. दोन कॉर्ड निवडा. उजवा हात मांडीवर. डाव्या हाताने पहिली कॉर्ड धरा, बोटं तारेवरून जेमतेम उचला, दुसरीवर ठेवा. आवाज न करता दहा वेळा. मग उजवा हात आणा आणि मोबाइलवर एक मिनिट लावून (तेवढ्यापुरता मोबाइल चालेल, विमान मोडवर टाकून) मोजा की मिनिटात किती वेळा स्वच्छ बदल होतो. फसफसलेला बदल धरायचा नाही. आकडा वहीत. अशा तीन जोड्या घ्या, प्रत्येकीला तीनेक मिनिटं.

आकडा किती आला म्हणजे पुरे? याचं गणित सोपं आहे. मिनिटाला ८० ठोक्यांचं गाणं असेल आणि दर चार ठोक्यांनी कॉर्ड बदलत असेल, तर मिनिटाला २० बदल लागतात. पण गाण्यात स्ट्रमिंगही, म्हणजे उजव्या हाताने तारा छेडणं, सांभाळायचं असतं, शब्दही म्हणायचे असतात, समोर आत्या बसलेली असते. म्हणून मी दुप्पट धरतो. एकट्या बदलाचा आकडा चाळीसला पोचला की ती जोडी गाण्यात निर्धास्त वापरा आणि वहीत तिच्या जागी नवी जोडी घ्या.

लय: साठपासून

मेट्रोनोमची, म्हणजे ठरलेल्या वेगाने टिक-टिक करणाऱ्या यंत्राची, मुलांना चीड असते. मला नव्हती, लहानपणभर मागाच्या ठेक्यात झोपलोय. मेट्रोनोम नसेल तर फुकटची ॲपं आहेत, कुठलंही चालेल.

नियम दोनच सांगतो. ज्या वेगात सलग तीन वेळा न चुकता वाजतं, तो आजचा तुमचा वेग. तो ५० असला तरी ५०, लाजायचं कारण नाही. तिन्ही वेळा नीट झालं की चार ठोके वाढवा: ६०, ६४, ६८. चूक झाली की थांबा, ती जागा दोनदा हळू करा, मग तोच वेग पुन्हा. दोनदा अडलात तर आठ ठोके खाली या. दुसरा नियम असा की आज जिथे संपवलं तिथून उद्या सुरू करायचं नाही. आज ७६ वर संपवलं तर उद्या ६८ पासून. रात्रीत हात थोडा विसरतो आणि त्याला आठवायला दोन पायऱ्या लागतात. मुलांना वाटतं हे मागे जाणं आहे, पण महिन्याअखेरीस हीच मुलं पुढे असतात.

एक गंमत रविवारी करून बघा. मेट्रोनोमचा वेग निम्मा करा आणि प्रत्येक टिक दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडतेय असं धरून वाजवा. पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्याला तुम्ही एकटे. वेग पळवण्याची सवय आहे की नाही ते दोन मिनिटांत उघडं पडतं.

उजव्या हाताला केहरवा

इंटरनेटवर बाणांच्या चित्रांनी स्ट्रमिंग शिकवतात. वर, खाली, खाली, वर. आमच्या मुलांना ते पाठ होतं आणि वाजत नाही. त्यापेक्षा घरातल्या भजनात, लग्नाच्या बँडमध्ये ऐकलेला केहरवा ताल घ्या. आठ मात्रा: धा गे ना ति, न क धि ना. हात घड्याळाच्या लंबकासारखा चालू ठेवायचा, पहिली, तिसरी, पाचवी, सातवी मात्रा खाली जाताना, दुसरी, चौथी, सहावी, आठवी वर येताना. हात कधीच थांबत नाही.

आता "गे" आणि पहिला "न", म्हणजे दुसरी आणि पाचवी मात्रा, या दोन वेळी हात हलू द्या पण तारांना लावू नका. उरलेल्या सहा मात्रा वाजवा. जे ऐकू येतं तो ठेका तुम्ही शेकडो गाण्यांत ऐकलेला आहे. हात मांडीवर आपटत आणि तोंडाने बोल म्हणत आधी पाच मिनिटं करा, मग डावा हात तारांवर हलकाच ठेवून नुसता ठक-ठक आवाज, मग एका कॉर्डवर, मग दोन कॉर्डवर. पाचव्या मात्रेला हात खाली जातो आणि तार वाजत नाही, तिथे सगळे अडखळतात. अडखळलात तर बोल मोठ्याने म्हणा. दादऱ्याच्या सहा मात्रांची गाणी असतील तर धा धी ना, धा ती ना याच पद्धतीने बसवा. तिथे सोयीसाठी सहाही ठोके खालच्या दिशेने मारले तरी चालतात, फक्त पहिला जरा वजनाने.

हे रोज करायची गरज नाही. एक दिवसाआड बोटांच्या फेऱ्यांऐवजी पाच मिनिटं उजवा हात.

गाण्याची दहा मिनिटं

वहीतलं महिन्याचं गाणं काढा. सुरुवातीपासून वाजवू नका, सुरुवात तुम्हाला येतेच. अडलेल्या जागेभोवती पेन्सिलने गोल करा. त्या जागेच्या आधीचं एक आवर्तन आणि नंतरचा पहिला ठोका एवढाच तुकडा कापून घ्या. आधीचं आवर्तन का, तर गाण्यात तुम्ही त्या जागेत चालत येता, उडी मारून येत नाही. नंतरचा ठोका का, तर बाहेर पडताना पुन्हा अडखळू नये म्हणून. हा तुकडा साठच्या लयीत, वरच्या दोन नियमांनी.

तुकडा बसला की शेवटून जोडत या. आधी शेवटचं कडवं, मग त्याच्या आधीचं आणि शेवटचं, असं मागे मागे. सुरुवातीपासून शिकणाऱ्यांचा शेवट नेहमी कच्चा राहतो, हे गणपतीच्या मंडपात दरवर्षी दिसतं: पहिलं कडवं झोकात आणि शेवटी सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

उरलेल्या पाच मिनिटांत आवडेल ते वाजवा, मेट्रोनोमशिवाय, चुका काढल्याशिवाय. समोरच्या काकांसाठी म्हणा हवं तर.

आठवडा

पाच दिवस वरचा अर्धा तास. पाण्याच्या दिवशी दहा मिनिटं, त्यात सूर मिळवणं, एक कॉर्डजोडी, एक तुकडा. रविवारी कानाने सूर, मेट्रोनोमची गंमत आणि मोबाइलवर महिन्याच्या गाण्याचं रेकॉर्डिंग. ते लगेच ऐकू नका, संध्याकाळी ऐका. वाजवताना आपण नीट वाजवतोय असं वाटतं आणि ऐकताना लय पळालेली असते. जे कानाला खटकलं ते सोमवारच्या पानावर. एक तास मिळाला तर सलग तास बसण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा करा.

गिटारच बिघडलेली असेल तर

माझी पहिली गिटार दुकानदाराने "सेट करून दिलीय" म्हणून गळ्यात मारली. बाराव्या फ्रेटवर तारांखालून पेन्सिल जवळजवळ सरकत होती. वर्षभर मला वाटायचं माझी बोटंच कमजोर आहेत. स्टीलच्या तारांच्या गिटारमध्ये बाराव्या फ्रेटवर जाड तार आणि फ्रेट यांच्यात साधारण अडीच मिलिमीटर अंतर असावं. चारच्या पुढे गेलं तर सराव वाढवू नका, गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. गिटारच्या मानेतला, तिचा बाक सांभाळणारा रॉड स्वतः पिळू नका. नवख्यांनी दहाच्या गेजच्या (गेज म्हणजे तारेची जाडी) तारा घ्याव्यात, बारापेक्षा बोटांना पुष्कळ हलक्या जातात. वाजवून झाल्यावर सुती कापडाने तारा पुसा, आमच्या गावात टॉवेलची तरी कमी नाही.

उन्हाळ्यात इथली हवा कोरडी ठणठणीत असते. अस्सल लाकडाची गिटार असेल तर केसमध्ये भोकं पाडलेल्या साबणदाणीत पिळून घेतलेला ओला स्पंज ठेवा आणि दोन दिवसांनी पुन्हा ओला करा. प्लायची असेल तर एवढं जपायची गरज नाही, पण उन्हात उभ्या गाडीत दोन्ही सोडू नका. कूलरच्या झोतात बसून वाजवलं की सूर सारखे हलतात, तेव्हा सराव चुकतोय असं समजण्याआधी ट्यूनर बघा.

बोटांची टोकं पहिले दोन-चार आठवडे दुखतात, मग घट्टे पडतात. ते चालायचंच. मनगट, कोपर किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखलं, मुंग्या आल्या, तर त्याच क्षणी थांबा. बहुतेक वेळा अंगठ्याने गिटारची मान गच्च आवळलेली असते. अंगठा काढून वाजवून बघा. हाताच्या वजनाने जेवढी तार दबते तेवढीच दाबायची असते.

खंड पडला तर

पडणारच. परीक्षा, लग्नसराई, जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा. त्या दिवसांत माझ्याकडे एक पोरगं फिरकत नाही आणि मीही वाट बघत नाही, मी स्वतः मिरवणुकीतले नंदीध्वज बघायला गेलेलो असतो. परत आल्यावर राहिलेले दिवस भरून काढायला दोन तास बसू नका, बोटं सोलून निघतील. पहिल्या दिवशी तारा पुसा, सूर मिळवा आणि जुनं पाठ असलेलं एक गाणं वाजवा. दुसऱ्या दिवशी वहीत शेवटचा वेग बघून त्याच्या वीस खाली सुरू करा. नवं पान, वर तारीख, आणि पहिल्या ओळीत सी ते एफ, एक मिनिट मोजून.